तणनाशके : आजची बचत आणि उद्याचे देणे

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘तण खाई धन’ ही म्हण शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावी लागत नाही. पिकाला घातलेले खत तण खाते, पिकाच्या वाटणीचे पाणी तण पिते आणि पिकावर पडायचे ऊन स्वतःच्या पानांवर घेते. जबलपूर येथे तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दहा प्रमुख पिकांचा हिशेब मांडला. तणांमुळे भुईमुगाचे सुमारे ३६ टक्के, सोयाबीनचे ३१ टक्के आणि गव्हाचे १९ टक्के उत्पादन बुडते, आणि दहा पिकांचे मिळून देशाचे वर्षाला सुमारे ११०० कोटी डॉलरचे नुकसान होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बोंडअळी आणि दुष्काळ यांच्या बातम्या वर्तमानपत्रात ठळक येतात. तणाची बातमी कधी येत नाही, कारण ते दरवर्षीचेच आहे.

वास्तविक ‘तण’ असा वनस्पतिशास्त्रात वर्गच नाही. घोळ आणि माठ यांची आपण भाजी करतो, पण तीच सोयाबीनच्या ओळीत उगवली की तण ठरतात. हरभऱ्यात उगवलेला गहूसुद्धा तणच. जी वनस्पती नको त्या जागी उगवून खर्च वाढवते ती तण. म्हणजे ही व्याख्या मुळातच आपल्या विषयातली, अर्थशास्त्रातली आहे. म्हणूनच एका कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयावर लिहिण्याचे धाडस केले आहे. विज्ञानशाखेच्या मित्रमैत्रिणींनी रागावू नये.

तण काढण्याच्या जुन्या रीती दोन. एक बैलांची, म्हणजे ओळींमधून डवरा किंवा कोळपे चालवणे. दुसरी हाताची. आमच्याकडे तिला निंदण म्हणतात, नगर-नाशिककडे खुरपणी आणि सांगली-कोल्हापूरकडे भांगलण. नावे तीन असली तरी बसण्याची पद्धत एकच, आणि बसणाऱ्या बहुतेक सर्व बायकाच. तिसरी रीत रसायनाची. ‘२,४-डी’ हे तणनाशक दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच बाजारात आले आणि ‘ग्लायफोसेट’ १९७४ साली. पाठीवर पंप घेतला की दहा बायकांचे दिवसाचे काम एक माणूस काही तासांत उरकतो. शेतकऱ्याला ही गोष्ट किती मोलाची वाटते हे ज्याने आषाढातल्या सततच्या पावसात वाफसा होण्याची वाट पाहिली आहे त्यालाच समजेल. पाऊस उघडत नाही, डवरा चालत नाही, सगळ्या गावाला एकाच आठवड्यात मजूर हवे असतात, आणि तण मात्र कोणाची वाट पाहत नाही.

परंतु या रीतीत एक अडचण आहे. ती पहिल्या वर्षी दिसत नाही, दुसऱ्या वर्षीही दिसत नाही. काही वर्षांनी शेतकरी म्हणू लागतो, ‘औषधात दम राहिला नाही,’ किंवा ‘तणाला औषधाची सवय झाली.’ दुकानदार भेसळीचा संशय घेऊ देत नाही आणि दुसरा डबा देतो. खरे पाहता औषध तेच असते आणि तणाला सवयही झालेली नसते. मग झालेले काय असते?

ही गोष्ट एका हिशेबाने स्पष्ट होईल. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. समजा एका एकरात एका जातीच्या तणाची दहा लाख रोपे उगवतात. त्यांत जन्मतःच वेगळे असलेले, अमुक एक तणनाशक पचवू शकणारे, एकच रोप आहे. तणनाशकाने त्याला तसे केलेले नाही. माणसांत जसा एखादा डावखुरा जन्मतो तसे ते निसर्गतः जन्मले आहे. फवारणी झाली, बाकीची सर्व मेली, हे एक उरले. त्याच्या आसपासची गर्दी हटल्यामुळे ते अधिकच जोमाने वाढले आणि बियाला आले. त्याच्या शेकडो बियांपैकी पुढच्या वर्षी दहा रोपे टिकली असे धरू. तिसऱ्या वर्षी शंभर, चौथ्या वर्षी हजार, पाचव्या वर्षी दहा हजार. जमिनीत आधीपासून पडून असलेले साधे बी दरवर्षी उगवतच असते. त्यामुळे पाचव्या वर्षीही शेतातली ९९ टक्के रोपे फवारणीने मरतात आणि शेतकरी समाधानी असतो. सहाव्या वर्षी एक लाख रोपे उरतात. शेतकरी म्हणतो, यंदा फवारणीनंतर लगेच पाऊस आला असेल. सातव्या वर्षी सगळे शेत हिरवे.

सावकाराचे चक्रवाढ व्याज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही. पहिली पाच वर्षे रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी असते आणि शेवटच्या दोन वर्षांत ती घर घेऊन जाते. तणशास्त्रात याला ‘प्रतिकारशक्ती’ असा शब्द आहे. अडीचशेहून अधिक जातींच्या तणांत जगभर ती आढळली आहे. येथे एक भेद नमूद केला पाहिजे. काही तणे मुळातच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. आपल्याकडचा केना ग्लायफोसेटने सहज मरत नाही, तो त्यातला प्रकार. त्याच औषधाची फवारणी वर्षानुवर्षे चालू राहिली की इतर तणे जातात आणि केन्याचे राज्य येते. प्रतिकारशक्ती म्हणजे पूर्वी मरणाऱ्याच जातीतून न मरणारा वंश पुढे येणे. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट एकच असला, तरी उपाय वेगळे आहेत.

आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण हरियाणा-पंजाबातले आहे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बी आणले आणि हरितक्रांतीला सुरुवात झाली. हा गहू आखूड, त्याला खत भरपूर आणि पाणीही भरपूर. उंच देशी गव्हाच्या सावलीत दबून राहणाऱ्या एका गवताला त्यामुळे ऊन, खत आणि पाणी तिन्ही आयतेच मिळाले. शास्त्रीय नाव ‘फॅलॅरिस मायनर’. तिकडचे शेतकरी त्याला गुल्ली-डंडा किंवा मंडूसी म्हणतात. लहानपणी ते हुबेहूब गव्हासारखे दिसते. बुंध्याजवळची किंचित लालसर छटा हीच काय ती ओळखीची खूण. त्यामुळे खुरप्याने काढायचे तरी गहू कोणता आणि गवत कोणते हे ओळखण्यातच वेळ जातो. खरिपात भात आणि रब्बीत गहू हा फेरा कायमचा झाल्यावर तर ओल्या, थंड जमिनीत या गवताचे फारच फावले.

१९८० च्या आसपास यावर ‘आयसोप्रोट्युरॉन’ हे स्वस्त तणनाशक मिळू लागले आणि शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. पुढे दहा-पंधरा वर्षे तेच एक औषध, त्याच शेतात, दरवर्षी. कित्येकांनी फवारणीसुद्धा न करता ते वाळूत किंवा युरियात मिसळून हातानेच फेकले. त्यामुळे कुठे जास्त पडले, कुठे कमी पडले, आणि कमी पडले तेथे अर्धवट प्रतिकार करणारी रोपेही वाचली. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन हंगामांत तक्रारी सुरू झाल्या. हिस्सारच्या कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक आणि समुंदर सिंह यांनी शेताशेतांतून बी गोळा करून तपासले आणि गुल्ली-डंड्यात प्रतिकारशक्ती आल्याचे सिद्ध केले. हे गवत आयसोप्रोट्युरॉन शरीरात शिरताच त्याचे तुकडे करून ते निरुपद्रवी करून टाकते, असे पुढे दिसून आले. काही शेतांत गव्हापेक्षा गवतच जास्त झाले आणि शेतकऱ्यांनी ओंब्या भरण्याआधीच उभा गहू कापून जनावरांना चारा म्हणून घातला. देशाचे कोठार म्हणवणाऱ्या भागातली ही गोष्ट आहे. आठ ते दहा लाख हेक्टर क्षेत्राला याची बाधा झाली असे अंदाज तेव्हा केले गेले.

त्यानंतर १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधे आली. ती पहिल्यापेक्षा महाग होती. काही वर्षे चांगली गेली आणि मग त्यांनाही दाद न देणारा गुल्ली-डंडा सापडू लागला. एका औषधाच्या जागी दुसरे, दुसऱ्याच्या जागी तिसरे, आणि प्रत्येक वेळी बिल वाढते. ही शर्यत तणच जिंकते, कारण कारखान्याला नवे औषध शोधायला वर्षे लागतात. १९८० च्या दशकानंतर जवळजवळ तीस वर्षे जगात पूर्णपणे नव्या तऱ्हेने काम करणारे एकही तणनाशक मोठ्या प्रमाणावर बाजारात आले नाही. नवी नावे पुष्कळ आली, डब्यांवरची चित्रेही बदलली, आत मात्र जुन्याच घराण्यातली रसायने.

आता खरा प्रश्न असा की हे सर्व कळूनही शेतकरी तसेच का करतो? ‘शेतकरी अडाणी आहे’ असे उत्तर शहरातल्या भाषणांतून ऐकू येते. मला ते पटत नाही. प्रत्येक शेतकरी आपापल्या जागी शहाणपणाने वागला तरीही शेवट हाच होतो, आणि हेच या विषयातले शिकण्यासारखे अर्थशास्त्र आहे.

पहिले कारण काळाचे. समजा आज बेफिकिरीने फवारणी केल्यामुळे आठ वर्षांनी एक हजार रुपयांचे नुकसान होणार आहे. त्या नुकसानीची आजची किंमत किती? बँकेच्या सात टक्के व्याजदराने हिशेब केला तर सुमारे ५८२ रुपये. परंतु ज्याने सावकाराकडून महिना शेकडा दोनने पैसे घेतले आहेत, त्याचा दर वर्षाला २४ टक्के झाला. त्याच्या दृष्टीने आठ वर्षांनंतरच्या हजार रुपयांची आजची किंमत फक्त १७९ रुपये. म्हणजे तेच शेत, तेच तण, तेच औषध असून एकाने जपून वागणे फायद्याचे आणि दुसऱ्याने न वागणे फायद्याचे. कर्जबाजारी माणूस उद्याचा विचार करत नाही असे आपण म्हणतो. तो करतो, पण त्याच्या कर्जाचा दरच उद्याला स्वस्त करून टाकतो. आणि ज्याने शेत एका वर्षाच्या मक्त्याने केले आहे, त्याला आठवे वर्ष नाहीच. ते मालकाला आहे, आणि मालक कदाचित तालुक्याला राहतो.

दुसरे कारण बांधाचे. बाह्य परिणाम शिकवताना पुस्तकात कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतात : धूर करणारा एक, कपडे काळे होतात दुसऱ्याचे. धुराऐवजी तणाचे बी घेतले तरी चालेल. ते कालव्याच्या पाण्यातून जाते, शेणखतातून जाते, घरच्या न निवडलेल्या बियाण्यातून जाते आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरणाऱ्या मळणीयंत्रातून तर फारच आरामात जाते. काही तणांचे परागकणच वाऱ्याने दूर जातात आणि त्यांबरोबर प्रतिकारशक्तीही जाते. मी चार वर्षे खर्च करून, औषधे आलटून पालटून, माझे शेत राखले आणि शेजाऱ्याने राखले नाही, तर माझा खर्च फुकट. शेजारीही माझ्याबद्दल हाच विचार करतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाच्या ऱ्हासाविषयी जो निबंध लिहिला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. गावचे गायरान जसे कोणा एकाचे नसते, तसे ‘तणाचे औषधाने मरणे’ ही सगळ्या परिसराची सामाईक ठेव असते. ती वापरण्याचा फायदा ज्याचा त्याला मिळतो, आणि झीज सर्वांना वाटून जाते. म्हणून प्रत्येकजण थोडी जास्तच वापरतो.

तिसरे कारण भावाचे. हरियाणात जेथे शेतकरी मधूनमधून बरसीम, ऊस, बटाटा किंवा सूर्यफूल घेत होते तेथे प्रतिकारशक्तीचे प्रमाण कमी आढळले. पीक बदलले की पेरणीची वेळ बदलते, मशागत बदलते, औषध बदलते आणि गुल्ली-डंड्याचे वेळापत्रक कोलमडते. मग सगळेच पीक का बदलत नाहीत? कारण गहू आणि भात यांची सरकारी खरेदी हमीभावाने होते आणि सूर्यफुलाच्या खरेदीची तशी खात्री नसते. तेव्हा शेतातले तण हे काही अंशी दिल्लीत ठरलेल्या भावाचेही पीक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. विक्रेत्याविषयी फार लिहीत नाही. त्याला माल विकायचा असतो आणि ‘यंदा फवारू नका’ असे सांगण्याचे कमिशन त्याला कोणी देत नाही.

अमेरिकेची कथा याहून उद्बोधक आहे, कारण तेथे अडाणीपणाची सबब नाही. ग्लायफोसेट हे समोर येईल ती हिरवी वनस्पती मारते, म्हणून उभ्या पिकात ते मारता येत नसे. १९९६ साली ते सोसणारे सोयाबीन आणि १९९७ साली तसाच कापूस तेथे आला. शेतकऱ्याचे काम फारच सोपे झाले : पेरा, आणि वरून फवारा. इतर औषधे, मधली मशागत, सगळे हळूहळू सुटले. २००० साली ग्लायफोसेटचे तेथील पेटंट संपले आणि ते आणखी स्वस्त झाले. लाखो एकरांवर दरवर्षी एकच औषध. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच रायग्रास नावाच्या गवतात ग्लायफोसेटविरुद्ध प्रतिकारशक्ती सापडली होती, तरी ‘आमच्याकडे तसे होणार नाही’ अशी समजूत होती. पुढे जॉर्जिया राज्यात २००५ च्या सुमारास पामर अमरँथ या तणात ती सिद्ध झाली. हा आपल्या माठाचाच भाऊबंद, पण प्रकृतीने राक्षस. माणसापेक्षा उंच वाढतो आणि त्याचे एक मादी झाड काही लाख बिया टाकते.

नंतरच्या पाच वर्षांत जॉर्जियातल्या कापसाच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रात माणसे लावून हाताने तण काढावे लागले. ज्या देशात कापूस यंत्राने पेरतात, यंत्राने वेचतात, तेथे एकविसाव्या शतकात मजुरांच्या रांगा हातात कुदळी घेऊन पुन्हा कापसात उतरल्या. ही माहिती मी वाचनालयात वाचली तेव्हा क्षणभर गंमत वाटली. नंतर वाटली नाही, कारण निंदणाचा प्रश्न आमच्या घरात दोन्ही बाजूंनी आहे.

आमची जमीन दोन एकर. तीत सोयाबीन असते आणि वडील त्यात तणनाशक फवारतात. मजूर लावणे परवडत नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाते. पूर्वी तिच्या टोळीला पेरणीनंतरच्या दोन महिन्यांत जेवढे दिवस काम असे, तेवढे आता नसते. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्याच दोन महिन्यांच्या पैशांतून भरली होती. आता एकराचा हिशेब पाहा. आकडे पुन्हा समजण्यापुरते आहेत, ते गावागणिक बदलतात. दोन निंदण्यांना मिळून सोळा बायका, अडीचशे रुपये रोज, म्हणजे चार हजार. फवारणीचा औषधासह खर्च बाराशे. शेतकऱ्याची बचत २,८०० रुपये. खर्चाच्या वहीत एवढेच लिहिले जाते. परंतु गावाच्या वहीत बायकांची चार हजारांची मजुरी गेली, आणि आलेल्या बाराशांतले बहुतेक डब्याबरोबर गावाबाहेर गेले. फवारणीची जी थोडी मजुरी उरली ती पुरुषाची, कारण पंप पाठीवर घेणारा पुरुष असतो.

यावरून कोणी असे समजू नये की मी निंदणाचे गुणगान करीत आहे. दिवसभर उकिडवे बसून, पावसात, विंचूकाट्यांत काम करणे यात गौरवण्यासारखे काही नाही. ज्यांना तसे वाटते त्यांनी एक दिवस करून पाहावे. त्या कामातून बायका सुटल्या तर उत्तमच. प्रश्न एवढाच की सुटून त्या कोठे जातात, आणि औषध थकल्यावर परत बोलावणे आले तर टोळी जागेवर असेल काय? मजुरी करणारी बाई दहा वर्षे रिकामी बसून राहत नाही. ती पुण्याला किंवा सुरतेला जाते, नाहीतर वीटभट्टीवर. तिची मुलगी तर निंदण शिकतच नाही. मग त्या सातव्या वर्षी शेतकऱ्याला महाग औषध आणि महाग मजूर दोन्ही घ्यावे लागतात. पहिल्या सहा वर्षांच्या बचतीतून हे देणे कोणी वजा करून ठेवलेले नसते.

आपल्याकडे हा प्रश्न तात्त्विक राहिलेला नाही. भारतात २००२ साली बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. तणनाशक सोसणाऱ्या कापसाला ती मिळालेली नसताना त्याचे बी चोरट्या वाटेने विदर्भात पोहोचले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे त्याची लागवड करून सत्याग्रह केला. निंदणाचा खर्च हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता, आणि तो खोटा नाही. माझे मत विचाराल तर, शेतकऱ्याला नवे तंत्र मिळूच नये असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण चोरट्या वाटेने आलेल्या बियाण्याबरोबर कोणतीच शिस्त येत नाही : कोणत्या औषधाबरोबर कोणते बदलून वापरावे, कडेला किती जागा सोडावी, उरलेले तण कोणी उपटावे, यांपैकी काहीच पिशवीवर छापलेले नसते. जॉर्जियाजवळ विद्यापीठ होते, सल्लागार होते, परवाना होता, तरी त्यांचे औषध दहा वर्षांत बोथट झाले.

मग टिकाऊ उपाय कोणते? कृषी खात्याच्या पत्रकांत त्यांची यादी असते, ती येथे उतरवीत नाही. त्यांतले कोणते उपाय लोकांनी खरोखर उचलले आणि का, एवढेच पाहू. हरियाणात सर्वांत जास्त पसरला तो बिनानांगरटीचा गहू. भात निघाल्यावर जमीन न नांगरता खास पेरणीयंत्राने सरळ गहू पेरायचा. जमीन उलटली न गेल्यामुळे गुल्ली-डंड्याचे बी कमी उगवते, आणि पेरणी लवकर झाल्यामुळे थंडी पडून गवत उगवण्याच्या आत गहू पुढे निघून जातो. परंतु शेतकऱ्यांनी तो तेवढ्यासाठी घेतला नाही. नांगरटीचे डिझेल वाचले आणि त्याच वर्षी हातात पैसे राहिले, हे त्यांच्या दृष्टीने मोठे कारण होते. आठ वर्षांनंतरच्या भल्यासाठी आज खर्च करा असे २४ टक्के दराच्या माणसाला सांगून उपयोग नसतो. त्याच हंगामात फेड करणारा उपाय मात्र तो आपणहून घेतो.

ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या शेतकऱ्यांनी दुसरी युक्ती काढली. रायग्रासचे बी गव्हाबरोबरच पिकते आणि कापणीपर्यंत ओंबीवरच राहते. तेव्हा कापणीयंत्राच्या मागून पडणाऱ्या भुसकटात ते सापडते. कोणी ते भुसकट गाडीत गोळा करून काढले, कोणी अरुंद ओळीत टाकून जाळले. रे हॅरिंग्टन या शेतकऱ्याने तर भुसकटातले बी चिरडणारे यंत्रच तयार केले. तण मारण्यापेक्षा त्याचे बी जमिनीत जाऊ न देणे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे पेरणीआधी पहिल्या पावसावर तण उगवू देऊन मग वखराची पाळी घालण्याची जुनी पद्धत आहे. तिनेही जमिनीतली ही पुंजीच कमी होते. घाईत आणि ट्रॅक्टरच्या पाळीची वाट पाहण्यात ती मागे पडत चालली आहे.

या बाबतीत आर्कान्सा राज्यातला एक प्रयोग मला फार बोलका वाटला. तेथील संशोधकांनी २००८ साली कापसाच्या शेतांत एकेक चौरस मीटर जागेत प्रतिकार करणाऱ्या पामर अमरँथचे वीस-वीस हजार बी टाकले आणि पुढे फक्त ग्लायफोसेट फवारत राहिले. एवढीशी ती जागा. दोन वर्षांत तण शेताच्या कडेपर्यंत गेले आणि तिसऱ्या वर्षी कापूस हाती लागला नाही. त्यानंतर तेथे ‘एकही रोप बियाला येऊ द्यायचे नाही’ असा सल्ला देण्यात येऊ लागला. काही शेतकऱ्यांनी मिळून तो पाळला, आणि शेताबरोबर पाटांचे काठ व रस्त्याच्या कडाही साफ केल्या. सामाईक ठेव माणसे आपसांत नियम करून राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा पारितोषिक-सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. हार्डिन यांच्या निबंधापुढे त्यांचे काम ठेवून वाचले पाहिजे. आपल्याकडे पाणीवाटपाच्या पाळ्या गावे ठरवतात. मळणीयंत्र एका शेतातून दुसऱ्यात जाण्याआधी झाडून घ्यावे, एवढा नियम ठरवायला काही खर्च येत नाही.

आता पुन्हा त्या दहा लाख रोपांच्या हिशेबाकडे पाहू. दुसऱ्या वर्षी सगळ्या एकरात फवारणीतून वाचलेली रोपे दहा. ती फुलोऱ्यावर येण्याआधी शोधून उपटायला एका बाईला किती वेळ लागेल? एकर फिरायचे, म्हणजे फार तर अर्धा दिवस. सव्वाशे रुपये. तिसऱ्या वर्षी शंभर रोपांना एक दिवस धरा. पाचव्या वर्षी दहा हजार रोपे झाली की पुन्हा टोळी लागते आणि सातव्या वर्षी टोळीनेही निभत नाही. निंदणाच्या मजुरीतला सर्वांत किफायतशीर रुपया तो दुसऱ्या वर्षीचा, आणि नेमका तोच कोणी खर्च करत नाही, कारण त्या वर्षी शेत स्वच्छ दिसत असते.

शिवाय ते काम कोणालाही जमणारे नाही. आईला मी मुद्दाम विचारले, तेव्हा तिने सोयाबीनच्या दोन ओळींतून दोन पानांवर असलेली अकरा प्रकारची तणे नावांसह काढून दाखवली. पिकाशी मिळतेजुळते दिसणारे कोणते आणि फवारल्यावर पिवळे पडून पुन्हा फुटणारे कोणते, हेही तिने सांगितले. त्यांतल्या चारांची नावे मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाहीत. तिचा रोज मात्र जी बाई पहिल्यांदाच निंदणाला आली आहे तिच्याएवढाच आहे.